मोटर जास्त वॉटची, तरी कार्पेट अस्वच्छ: अपराइट व्हॅक्युम क्लीनरची ओढ कमी पडते तेव्हा

दिवाळी आटोपली की इंग्लंडमधील आमच्या ओळखीच्या मराठी घरांतून एक तक्रार हमखास येते. व्हॅक्युम क्लीनर नेहमीसारखा, किंबहुना नेहमीपेक्षा मोठ्याने आवाज करतो. पण कार्पेटवर सांडलेली रांगोळी, उदबत्तीची राख आणि चिवड्याचा चुरा जिथल्या तिथे राहतो. तक्रारीच्या पाठोपाठ निष्कर्षही ठरलेला असतो: मोटर उतरली, आता जास्त वॉटचे यंत्र घेतले पाहिजे. स्लाऊमधील एका परिचित कुटुंबाने या निष्कर्षापायी सहा वर्षांत तीन अपराइट, म्हणजे उभ्याने ढकलायची, यंत्रे घेतली. त्यांपैकी दोन मी स्वतः उघडून पाहिली. दोन्हींच्या मोटारी ठणठणीत होत्या. बिघाड होता तो मोटरपर्यंत येणाऱ्या हवेच्या वाटेत, आणि दुसऱ्या यंत्रात त्याच्या जोडीला तळाचा ब्रश फिरवणाऱ्या रबरी पट्ट्यात.

हे वारंवार घडते, कारण खोक्यावर ठळक छापलेला वॉटचा आकडा आपण यंत्राची ताकद समजतो. तो आकडा यंत्र विजेच्या खांबाकडून किती वीज घेते ते सांगतो. त्या विजेतून किती काम होते ते सांगत नाही. व्हॅक्युम क्लीनरचे खरे काम म्हणजे हवेचा प्रवाह आणि त्या प्रवाहामागचा दाब यांचा गुणाकार. सेकंदाला ३० लिटर हवा ८,००० पास्कल दाबाच्या फरकाने खेचली जात असेल, तर हवेवर होणारे काम २४० वॉटचे होते, मग मोटर ९०० वॉट घेत असो की १,८०० वॉट. नळीचे तोंड तळहाताने पूर्ण बंद केले तर दाब सर्वाधिक असतो, पण हवा मुळीच वाहत नाही, म्हणून काम शून्य. तोंड पूर्ण मोकळे असले तर हवा भरपूर वाहते, पण त्या तोंडाशी दाबाचा फरक राहत नाही, म्हणून तेथेही काम जवळजवळ शून्यच. केर उचलला जातो तो या दोन टोकांच्या मधल्या स्थितीत. त्यामुळे दुकानात हाताला जाणवलेली जबरदस्त ओढ कार्पेटवर तशीच मिळेल असे समजणे चुकीचे आहे.

त्याच यंत्रात, त्याच नळीतून दुप्पट शक्ती लावली तर काय होईल, याचा हिशोब करून पाहावा. हवा वेगाने वाहू लागली की वाटेतला विरोध प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्यासाठी लागणारी शक्ती प्रवाहाच्या घनाच्या प्रमाणात. म्हणजे शक्ती दुप्पट केल्यावर हवेचा प्रवाह दुप्पट होत नाही. तो सुमारे २६ टक्क्यांनीच वाढतो. याच्या उलट, ३२ मिलिमीटर व्यासाच्या नळीत केसांचा आणि धाग्यांचा थर बसून आतली मोकळी जागा २५ मिलिमीटर उरली, तर तितकीच हवा नेण्यासाठी त्या भागात तिपटीहून अधिक दाब खर्च होतो, कारण हा विरोध व्यासाच्या पाचव्या घातानुसार बदलतो. थोडक्यात, ९०० वॉटवरून १,८०० वॉटवर जाऊन जे मिळते, ते सात मिलिमीटरचा कचरा सहज गिळून टाकतो. नवे यंत्र पहिले काही महिने उत्तम चालते ते बव्हंशी त्याची वाट स्वच्छ असते म्हणून.

युरोपात हा प्रश्न कायद्याने सोडवण्याचा प्रयत्न झाला. युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०१४ पासून १,६०० वॉट किंवा त्याहून अधिक शक्तीच्या घरगुती व्हॅक्युम क्लीनरना बाजारात आणण्यास मनाई केली आणि १ सप्टेंबर २०१७ पासून ही मर्यादा ९०० वॉटवर आणली. ब्रिटन तेव्हा संघात होते. ऑगस्ट २०१४ मध्ये येथील दुकानांत मोठ्या मोटारींची यंत्रे घेण्यासाठी झुंबड उडाली आणि वर सांगितलेल्या कुटुंबाने त्यांचे पहिले, दोन हजार वॉटहून मोठे यंत्र त्याच महिन्यात घेतले. त्या वेळी फारशी चर्चा न झालेली गोष्ट अशी की, वीज कमी करताना त्याच नियमांनी सफाईची अट वाढवली होती: प्रमाणित चाचणीत कार्पेटवरील किमान ७० टक्के धूळ उचलली गेली पाहिजे ही २०१४ ची अट २०१७ मध्ये ७५ टक्क्यांवर गेली. कमी विजेत जास्त धूळ उचलणे उत्पादकांना जमले ते पंख्याचा आकार, हवेची वाट, फिल्टरचे क्षेत्रफळ आणि तळाच्या तोंडाची रचना सुधारून.

याच नियमांबरोबर आलेल्या ऊर्जा लेबलाची कथा आपल्या समस्येच्या आणखी जवळची आहे. त्या लेबलासाठीची चाचणी धुळीचा डबा किंवा पिशवी रिकामी असताना घेतली जात असे. व्हॅक्युम क्लीनर बनवणाऱ्या डायसन कंपनीने त्याविरुद्ध दाद मागितली आणि प्रत्यक्ष वापराशी ही चाचणी जुळत नाही या कारणावरून युरोपीय संघाच्या न्यायालयाने नोव्हेंबर २०१८ मध्ये ते लेबल रद्द केले. घरातले यंत्र रिकाम्या पिशवीने क्वचितच चालते, हे आपल्यालाही ध्यानात ठेवायचे आहे.

आता प्रत्यक्ष तपासणीकडे वळू. पहिले उपकरण आपला कान. सर्वसाधारण समज असा की मोटरचा आवाज चढला म्हणजे ती जास्त जोर लावत आहे. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. पंख्यातून हवा जात असते तेव्हा ती हवा ढकलण्याचे ओझे मोटरवर असते. वाट तुंबली की हवा येत नाही, ओझे हलके होते, मोटरचे फेरे वाढतात आणि आवाजाची पट्टी चढते. मोटर तेव्हा वीजही कमी घेत असते. दिवाळीनंतर यंत्र मोठ्याने ओरडते पण केर घेत नाही, याचा अर्थ मोटर उपाशी आहे, तिला हवा मिळत नाही, असा घ्यावा. अशा स्थितीत यंत्र तसेच चालवत राहू नये, कारण बहुतेक यंत्रांत आत येणारी हीच हवा मोटरला थंडही करते. ती थांबली की मोटर तापते, सुरक्षा-स्विच वीज तोडतो आणि यंत्र मध्येच बंद पडते. तासाभराने ते पुन्हा सुरू होते, आणि आपण म्हणतो, मोटर कुरकुर करते आहे.

पुढची परीक्षा तळहाताची. यंत्र चालू ठेवून, ब्रश फिरणार नाही अशा उभ्या स्थितीत, नळी यंत्राच्या मूळ भागाला जिथे जोडलेली असते तिथून ती सोडवावी आणि त्या भोकावर तळहात ठेवावा. येथे जोरदार ओढ लागली आणि हात ठेवताच आवाजाची पट्टी स्पष्टपणे चढली, तर मोटर, फिल्टर आणि पिशवी या तिन्ही गोष्टी बऱ्यापैकी ठीक आहेत. अडथळा नळीत किंवा तळाच्या तोंडात आहे. हात ठेवण्याआधीच आवाज चढलेला असेल आणि ओढ क्षीण असेल, तर अडथळा पिशवीत किंवा फिल्टरमध्ये आहे. आणि हात ठेवूनही आवाज बदलत नसेल व ओढही नसेल, तर बाहेरची हवा दुसरीकडून आत शिरत आहे: डब्याची रबरी कड नीट बसलेली नाही, झाकणाला तडा आहे किंवा पिशवीची मान खाचेत बसलेली नाही. या एका परीक्षेने निम्मे यंत्र संशयातून मोकळे होते.

नळीत अडथळा आहे असे ठरल्यावर प्लग काढावा. हे न करता पुढे कोणीही हात घालू नये, कारण स्विचला चुकून धक्का लागला आणि ब्रश फिरला तर बोटांना गंभीर इजा होते. मग नळी सरळ धरून वरून एक मोठे नाणे सोडावे. ते खणखणत खाली पडले तर नळी मोकळी; मध्येच थांबले तर जागा सापडली. स्लाऊच्या त्या घरी नाणे सरळ खाली आले होते, तरी ओढ नव्हती. उभ्या यंत्रात आणखी एक छोटी नळी असते, ती तळाच्या तोंडापासून मागच्या बिजागरीजवळून वर जाते आणि यंत्र प्रत्येक वेळी मागे कलवताना वाकते. तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. तो तुकडा दोन स्क्रू काढून सोडवला, तेव्हा आत आडवा बसलेला एक केसांचा आकडा दिसला. त्या आकड्याला आधी लांब केस गुंडाळले गेले होते, केसांना कार्पेटचा तंतू चिकटला होता, आणि त्यावर रांगोळी व राख यांचा थर बसून करड्या नमद्यासारखी घट्ट गुंडाळी झाली होती. चिमट्याने ओढल्यावर ती अंगठ्याएवढी जाड आणि वीतभर लांब निघाली. तिच्या एका कडेला गुलालाची रेघ होती, म्हणजे ती गुंडाळी किमान गणपतीपासून वाढत होती. यंत्र जोडून सुरू केले तेव्हा आवाज खाली उतरला, आणि घरातील वहिनींना प्रथम वाटले की आता ते आणखीच बिघडले.

पिशवी आणि फिल्टर यांबाबत मराठी घरांना एक वेगळी काळजी घ्यावी लागते. रांगोळी ही दगडाची बारीक पूड आहे. कार्पेटचा तंतू किंवा केस पिशवी भरतात. रांगोळी, राख, टाल्कम पावडर आणि भिंतीच्या प्लास्टरची धूळ पिशवी भरत नाहीत, तर तिच्या कागदाची किंवा कापडाची छिद्रे बुजवतात. त्यामुळे हाताला पाव भरलेली लागणारी पिशवीही हवेसाठी पूर्ण बंद झालेली असू शकते. मी आता सर्वांना असे सुचवतो की रांगोळी आधी पुठ्ठ्याने आणि कुंच्याने शक्य तेवढी उचलावी, उरलेल्यासाठीच व्हॅक्युम वापरावा, आणि दिवाळीनंतर पिशवी भरलेली नसली तरी बदलावी. पिशवीविना डब्याची यंत्रे या त्रासातून सुटलेली नाहीत. तेथे हीच पूड मोटरच्या आधीच्या फिल्टरवर जाऊन बसते. तो फिल्टर धुण्याजोगा असेल तर साध्या थंड पाण्याखाली, साबण न लावता, पाणी स्वच्छ येईपर्यंत पिळून धुवावा आणि किमान २४ तास वाळवावा. इंग्लंडच्या हिवाळ्यात २४ तास अनेकदा पुरत नाहीत. दमट फिल्टर बसवला की धुळीचा चिखल होऊन तो कायमचा निकामी होतो, ओलसर वास येतो, आणि ओलावा मोटरपर्यंत जातो. दुसरा फिल्टर विकत आणून आलटूनपालटून वापरणे हा नव्या यंत्राच्या तुलनेत फारच स्वस्त उपाय आहे. मोटरच्या नंतरचा, अतिसूक्ष्म धूळ अडवणारा हेपा फिल्टर बहुधा विसरला जातो. हवा बाहेर पडली नाही तर आतही येणार नाही, म्हणून तोही वेळेवर बदलावा.

यापुढचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण अपराइट यंत्र इतर प्रकारांपेक्षा वेगळे ठरते ते यामुळेच. ओढ उत्तम आहे, नळी मोकळी आहे, पिशवी नवी आहे, तरीही कार्पेट मळकट दिसते, अशा वेळी तळाचा फिरता ब्रश तपासावा. कार्पेटमधला केर दोन प्रकारचा असतो: वर पडलेला चुरा हवा एकटी उचलते, पण पायांनी आत रुतलेली बारीक वाळू तंतूंच्या मुळाशी बसते आणि तिला कोणीतरी हलवून वर आणल्याशिवाय हवेच्या हाती लागत नाही. आपल्याकडे सतरंजी किंवा गालिचा उन्हात दोरीवर टाकून काठीने झोडपतात ते यासाठीच. भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेले कार्पेट दोरीवर टाकता येत नाही. म्हणून काठी यंत्राच्या तळाशी आली. अमेरिकेतील ओहायो राज्यात कँटन येथे एका दुकानात सफाईचे काम करणारे जेम्स मरे स्पँग्लर यांनी पंख्याची मोटर, साबणाचे खोके, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून असे यंत्र बनवले आणि १९०८ मध्ये त्याचे पेटंट घेतले, त्यात फिरता ब्रश होताच. त्यांना दम्याचा त्रास होता आणि झाडताना उडणाऱ्या धुळीतून सुटका हवी होती. पुढे हे पेटंट उद्योजक विल्यम हूवर यांनी घेतले. त्या काळच्या मोटारी आजच्या मानाने अगदी दुबळ्या होत्या. काम भागत होते ते ब्रशमुळे.

ब्रश फिरतो आहे एवढे पाहून समाधान मानू नये. ताणून सैल झालेला पट्टा ब्रश हवेत उत्तम फिरवतो आणि ब्रश कार्पेटला टेकताच घसरू लागतो. यंत्र उलटे करून पाहणाऱ्याला सर्व ठीक दिसते. खरी खूण कार्पेटवर मिळते: यंत्र पुढे गेल्यावर तंतू एका दिशेने उभे राहून पट्टे उमटले पाहिजेत. पट्टे उमटत नसतील, किंवा जळक्या रबराचा वास येत असेल, तर पट्टा बदलावा; तो तुटण्याची वाट पाहू नये. वर्षातून एकदा बदलणे हा चांगला नेम आहे. पट्टा काढला असताना ब्रश हाताने फिरवून पाहावा. तो सहज फिरत नसेल तर दोन्ही टोकांना केस घट्ट गुंडाळलेले सापडतील, आणि फार दिवस तसेच चालले असेल तर टोकाची प्लॅस्टिकची टोपी वितळलेलीही दिसेल. केस शिवण उसवण्याच्या हत्याराने ब्रशच्या लांबीच्या दिशेने कापावेत. शेवटी तळाच्या तोंडावर एक जाड पुठ्ठा सपाट धरावा आणि ब्रश हाताने फिरवावा. केसाळ भाग पुठ्ठ्याला स्पर्श करत नसेल तर तो झिजला आहे, कार्पेटपर्यंत पोहोचत नाही, आणि मोटर कितीही मोठी असली तरी तो पोहोचणार नाही.

तळाची उंची हा असाच दुर्लक्षिलेला भाग आहे. उंची जास्त ठेवली तर ब्रश तंतूंवरून नुसता फिरतो. फार कमी ठेवली, किंवा जाड कार्पेटवर ओढच अतिशय असली, तर तोंड कार्पेटला चिकटते, हवा आत शिरायला जागा राहत नाही, ब्रश अडतो आणि यंत्र ढकलायला जड जाते. मोठी मोटर येथे उलट अडचण करते. त्या कुटुंबाच्या पहिल्या, सर्वांत शक्तिमान यंत्राबद्दल वहिनी म्हणाल्या होत्या, "ढकलताना खांदे भरून येतात, म्हणजे चांगलंच ओढत असणार." ते चिकटत होते. अशा वेळी उंची एक खाच वाढवावी किंवा दांड्यावरचा हवा सोडण्याचा सरकता दरवाजा थोडा उघडावा. ढकलणे हलके होते आणि केरही जास्त येतो.

मोटरच दोषी असते असे प्रसंगही येतात, पण कमी. नळी आणि फिल्टर दोन्ही काढल्यावरही आवाज खालच्या पट्टीत राहतो, फेरे वाढत-कमी होतात, हवेच्या जाळीतून ठिणग्यांचा उजेड दिसतो किंवा तिखट वास येतो, तेव्हा मोटरचे कार्बन ब्रश, म्हणजे तिच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बनचे छोटे ठोकळे, झिजलेले असण्याची शक्यता अधिक. पुष्कळ मोटारींत ते थोडक्या खर्चात बदलता येतात. त्याआधी यंत्र थेट भिंतीच्या सॉकेटला लावून पाहावे. लांब आणि बारीक तारेच्या जोडवायरमध्ये व्होल्टेज घटते आणि मोटर मंदावते. गुंडाळलेल्या रिळावरून चालवल्यास तार तापण्याचा धोकाही असतो.

अमेरिकेतून पुण्या-मुंबईला परतताना तिकडचे अपराइट सोबत आणणारी कुटुंबे वॉट-व्होल्टच्या आकड्यांमुळे निराळ्या अडचणीत येतात. तेथील यंत्रांवर बहुधा १२ अँपिअर लिहिलेले असते, म्हणजे १२० व्होल्टला सुमारे १,४४० वॉट. साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटला सतत भार १२ अँपिअरपर्यंतच ठेवायचा असल्याने बहुतेक कंपन्यांचे यंत्र तेथेच थांबते. असे यंत्र आपल्या २३० व्होल्टला थेट लावले तर काही क्षणांत जळते. त्यासाठी निदान २,००० व्होल्ट-अँपिअर क्षमतेचा व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो यंत्राइतकाच जड असतो. घरात शहाबादी फरशी किंवा टाइल्स असतील, तर फिरत्या ब्रशचा उपयोग दिवाणखान्यातल्या एका गालिच्यापुरताच उरतो. तेवढ्यासाठी हा खटाटोप करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि सर्व तपासूनही नवे यंत्र घेणे भागच पडले, तर विक्रेत्याला वॉट विचारण्याऐवजी चार गोष्टी विचाराव्यात: ब्रशला स्वतंत्र मोटर आहे की पट्टा, तळाची उंची बदलता येते का, बिजागरीजवळची नळी हाताने सोडवता येते का, आणि पट्टा व फिल्टर पाच वर्षांनी मिळतील का. स्लाऊच्या कुटुंबाचे तिसरे यंत्र ७०० वॉटचे आहे. त्याची खालची नळी दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सोडवून पाहण्याचे काम त्यांच्या धाकट्या मुलीकडे आहे, आणि मागच्या दिवाळीनंतर त्या घरून फोन आला तो फक्त पिशव्या कोणत्या मापाच्या आणायच्या, हे विचारण्यासाठी.